आठ फायनल हरलेल्या क्लबला फायनल ‘लाभत नाही’ असे म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांमुळे तुमच्या मडगावच्या घरात लिस्बनच्या बेन्फिका क्लबचे प्रेम आले. या क्लबने १९६१ आणि १९६२ अशी सलग दोन वर्षे युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला आणि त्यानंतर युरोपीय स्पर्धांच्या आठ फायनल खेळून आठही गमावल्या. शाप वगैरे तुम्ही मानत नाही, पण फायनल हरणे एखाद्या क्लबच्या अंगात मुरते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. त्यामागे एक जवळचे कारणही तुम्ही दिले आहे. तुम्ही ज्या स्थानिक संघाचे व्यवस्थापन पाहता तो चार वर्षांत तीन फायनल हरला असून ‘या पोरांना फायनल लाभत नाही’ म्हणून अर्धा संघ बदलावा, असा समितीतील काहींचा आग्रह आहे.

मी कोल्हापुरात सत्तावीस वर्षे फुटबॉल प्रशिक्षक म्हणून काम करतो आहे. बाद फेरीच्या स्पर्धांतील सोळा फायनल मी संघाच्या बाकावर बसून अनुभवल्या; त्यांपैकी सात जिंकल्या, नऊ हरलो. ‘लाभत नाही’ हे शब्द मी पेठेतल्या कट्ट्यावर ऐकले आहेत, तालमीच्या पायरीवर ऐकले आहेत आणि एकदा तर शाहू स्टेडियमवर सामन्याआधी बूट बांधत बसलेल्या माझ्याच कर्णधाराच्या तोंडून ऐकले आहेत. या दोन शब्दांपायी चांगली पोरे संघाबाहेर गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अडचण अशी आहे की आठ निकाल एकाखाली एक लिहिले की त्या सगळ्यांमागे एकच कारण असणार, असे आपोआप वाटू लागते. ‘किती हरले’ आणि ‘का हरले’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर मोजून मिळते. दुसऱ्यासाठी प्रत्येक सामना स्वतंत्रपणे उघडून पाहावा लागतो. माझ्या वहीत प्रत्येक फायनलला एक पान असते आणि त्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कोण खेळू शकले नाही, आधीच्या पंधरा दिवसांत संघाच्या पायांवर किती सामन्यांचा भार होता, गोल कोणत्या मिनिटाला आणि कसे झाले, आणि समोरचा संघ त्या दिवशी खरोखरच सरस होता का. बेन्फिकाच्या फायनल याच रीतीने वाचून पाहू.

सुरुवात मात्र विजयांपासून केली पाहिजे, कारण शापाची गोष्ट सांगताना ते बाजूला पडतात. ३१ मे १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या जेमतेम सात महिने आधी, बर्नच्या वांकडॉर्फ मैदानावर बेन्फिकाने बार्सिलोनाला ३-२ असे हरवले. त्या सामन्यात बार्सिलोनाचे फटके पुन्हा पुन्हा गोलखांबांवर आदळले. त्या मैदानावरचे खांब चौकोनी होते आणि ते गोल असते तर चेंडू आत वळला असता, अशी हळहळ बार्सिलोनाच्या लोकांत पुढे कित्येक वर्षे राहिली. बेन्फिकाचा एक गोल तर बार्सिलोनाचा गोलरक्षक रामालेट्स याच्या स्वयंगोलाने झाला. आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. बार्सिलोनाकडून त्या दिवशी गोल करणारे कोचिश आणि झिबोर हे दोघे हंगेरियन खेळाडू १९५४ च्या विश्वचषकाची फायनल याच मैदानावर, याच ३-२ फरकाने हरलेले होते. मैदान लाभत नाही असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्या दोघांना म्हणता आले असते. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये रेआल माद्रिदविरुद्ध पुश्काशने पहिल्याच अर्धात तीन गोल केले आणि बेन्फिका २-३ असा मागे पडला. दुसऱ्या अर्धात कोलुनाने एक आणि वीस वर्षांच्या युझेबियोने दोन गोल करून सामना ५-३ असा फिरवला. सांगायचे हे की त्या दोन रात्रींपैकी पहिलीत खांबांनी साथ दिली आणि दुसरीत संघाने मुसंडी मारली. पहिली रात्र दोन बोटांच्या फरकाने उलटी गेली असती, तर आजचा हिशेब आणखी वेगळा दिसला असता.

आता पराभव. १९६३ मध्ये वेम्ब्लीवर मिलानविरुद्ध युझेबियोने बेन्फिकाला आघाडी मिळवून दिली होती. दुसऱ्या अर्धात संघाचा कणा असलेला मध्यरक्षक कोलुना जबर मार लागून लंगडू लागला. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे बेन्फिकाला उरलेला सामना जवळजवळ दहा जणांत काढावा लागला आणि आल्ताफिनीच्या दोन गोलांनी मिलान २-१ असा जिंकला. मध्यरक्षक अर्धा झाला की काय होते, हे ज्याने बाकावरून पाहिले आहे त्याला या निकालासाठी दुसरे कारण शोधावे लागत नाही. चेंडू मधल्या भागात टिकत नाही, बचावफळी मागे मागे सरकते आणि आघाडीवीर एकटे पडतात.

१९६५ चा सामना याहून वाईट परिस्थितीत झाला. प्रतिस्पर्धी इंटर हा आदल्या वर्षीचा विजेता होता आणि फायनल त्याच्याच घरच्या सान सिरो मैदानावर होती. मैदान पावसाने जड झालेले होते. पहिल्या अर्धाच्या शेवटी जाइरचा फटका गोलरक्षक कोस्ता परेराच्या हातून निसटून आत गेला. दुसऱ्या अर्धात तोच कोस्ता परेरा जखमी होऊन बाहेर गेला, बदली नसल्यामुळे जर्मानो नावाचा बचावपटू हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला, आणि तरीही दहा जणांच्या बेन्फिकाने इंटरला दुसरा गोल करू दिला नाही. निकाल ०-१. उपविजेतेपदांच्या यादीत ही नुसती एक ओळ असते. माझ्या दृष्टीने ती त्या क्लबच्या सर्वांत झुंजार फायनलपैकी एक आहे.

१९६८ मध्ये वेम्ब्लीवरच मँचेस्टर युनायटेडने ४-१ असे हरवले. हा आकडा फसवा आहे, कारण नव्वद मिनिटे संपली तेव्हा १-१ अशी बरोबरी होती. अगदी अखेरच्या मिनिटांत युझेबियो एकटा गोलसमोर आला, त्याने ताकदीने फटका मारला आणि ॲलेक्स स्टेपनीने तो छातीशी धरला. तो चेंडू बाजूला हळूच सरकवला असता तर? प्रशिक्षक म्हणून मी मुलांना हे चित्रण दाखवतो आणि ताकद केव्हा वापरायची नाही, ते समजावतो. जादा वेळेत सात-आठ मिनिटांत तीन गोल झाले आणि सामना संपला.

१९८३ च्या यूएफा कपच्या (आजची युरोपा लीग) दोन सामन्यांच्या फायनलमध्ये अँडरलेख्टने ब्रुसेल्समध्ये १-० विजय मिळवला आणि लिस्बनमध्ये १-१ बरोबरी राखली. १९९० मध्ये व्हिएन्नात आदल्या वर्षीच्या विजेत्या मिलानकडून, रायकार्डच्या एका गोलने, ०-१ पराभव झाला. त्या काळचा मिलानचा संघ युरोपातला सर्वोत्तम होता आणि त्याच्याकडून एका गोलने हरण्याला काही खास स्पष्टीकरण लागत नाही.

१९८८ कडे मात्र नीट पाहण्यासारखे आहे. श्टुटगार्टमध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्हीविरुद्ध गोलशून्य बरोबरी झाली आणि टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी फटक्यांवर निकाल, आला. पीएसव्ही त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीपासून एकही सामना प्रत्यक्ष न जिंकता, पाच बरोबऱ्या साधून विजेता झाला. बेन्फिकाचा महत्त्वाचा आघाडीवीर दियामांतिनो फायनलच्या तोंडावर जखमी झाल्यामुळे खेळू शकला नव्हता. टायब्रेकरमध्ये दोन्ही संघांनी पहिले पाचही फटके गोलमध्ये घातले. पीएसव्हीचा सहावाही गेला. बेन्फिकाचा सहावा फटका वेलोसो या बचावपटूने घेतला आणि व्हॅन ब्रॉयकेलेनने तो अडवला. या गोलरक्षकाची तयारी अंदाजावर चालत नव्हती. यान रेकर नावाचे एक डच प्रशिक्षक पेनल्टी घेणाऱ्या खेळाडूंच्या सवयींची टिपणे कार्डांवर ठेवत असत आणि तो त्यांच्याकडून माहिती घेऊन मैदानात उतरलेला होता.

हा सहावा फटका मला फार जवळचा आहे. काही वर्षांपूर्वी एका फायनलमध्ये मी पाच नावे ठरवून ठेवली होती आणि सहावे ठरवले नव्हते. पाच-पाच झाल्यावर मध्यरेषेवर उभ्या असलेल्या माझ्या पोरांकडे मी पाहिले, तेव्हा सगळे खाली बघत होते. शेवटी एकोणीस वर्षांचा उजवा बचावपटू स्वतःहून पुढे झाला. मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत जाताना त्याने दोनदा मोजे वर ओढले, चेंडू ठेवून पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. फटका बारवरून गेला. लोक त्या पोराला बोलले. चूक त्याची नव्हती. सहावे नाव न ठरवणे ही माझी चूक होती आणि ती मी त्याच रात्री समितीसमोर सांगितली. त्यानंतर प्रत्येक बाद फेरीच्या सामन्याआधी मी अकराच्या अकरा नावे क्रमाने लिहून खिशात ठेवतो, गोलरक्षकासह.

शेवटचे दोन पराभव सलग वर्षांतले आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे सर्वांत उपयोगी उत्तर त्यांतच आहे. २०१३ चा मे महिना पाहा. ११ मे रोजी पोर्तोच्या मैदानावर लीगचा निर्णायक सामना बरोबरीत चालला होता आणि बरोबरी झाली तरी बेन्फिका गुणतक्त्यात आघाडीवरच राहिला असता. भरपाई वेळेत केल्व्हिनने गोल केला आणि प्रशिक्षक झोर्झ जेझुस मैदानाकडेला गुडघ्यांवर कोसळले. चार दिवसांनी, १५ मे रोजी, ॲमस्टरडॅममध्ये युरोपा लीगच्या फायनलमध्ये बेन्फिकाने चेल्सीविरुद्ध बराच वेळ वर्चस्व राखले, तोरेसच्या गोलनंतर कार्दोझोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला कॉर्नरवर इव्हानोव्हिचने डोक्याने गोल केला. २६ मे रोजी पोर्तुगीज चषकाच्या फायनलमध्ये गिमारायन्सविरुद्ध १-० अशी आघाडी होती. ७९ व्या आणि ८१ व्या मिनिटाला दोन गोल खाऊन तो चषकही गेला. पंधरा दिवसांत तीन घाव, आणि तिन्ही सामन्यांचे निर्णायक गोल शेवटच्या बारा-पंधरा मिनिटांतले.

इथे मन खचले होते, असे कोणी म्हटले तर मी त्याला विरोध करणार नाही. मनाचा भाग असतोच. तो किती, हे मला बाहेरून मोजता येत नाही. पण शेवटच्या दहा मिनिटांत गोल खाणे हे प्रशिक्षकाला नेमके कळणारे दुखणे आहे. पाय जड झाले की बचावपटू कॉर्नरवर माणसाला चिकटून राहण्याऐवजी चेंडूकडे पाहू लागतो. उडी अर्धी पडते. यावर उपाय करता येतो.

आणि उपाय झालाही. पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षक आणि बराचसा तोच संघ होता. तुमच्या समितीसारखा विचार करून जेझुस यांना घरी पाठवावे, अशी मागणी तेव्हा लिस्बनमध्येही होती. क्लबने तसे केले नाही. २०१४ मध्ये बेन्फिकाने लीग जिंकली; ७ मे रोजी लीग चषकाच्या फायनलमध्ये रिओ आव्हेला २-० असे हरवले; १४ मे रोजी तुरीनमध्ये युरोपा लीगची फायनल सेव्हियाविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर टायब्रेकरवर २-४ अशी गमावली; आणि चारच दिवसांनी, १८ मे रोजी, पोर्तुगीज चषकाच्या फायनलमध्ये पुन्हा रिओ आव्हेला १-० असे हरवले. बारा दिवसांत तीन फायनल. दोन जिंकल्या, एक हरली. फायनल खेळताच न येणारा संघ तुरीनहून परतल्यावर चार दिवसांत दुसरा चषक उचलत नाही. तुरीनमधला पराभव का झाला, तेही पानावर स्पष्ट दिसते: एन्झो पेरेझ, मार्कोव्हिच आणि साल्व्हिओ हे तिघे निलंबित होते, म्हणजे मधली फळी आणि दोन्ही बगला एकाच वेळी दुबळ्या झाल्या होत्या. टायब्रेकरमध्ये सेव्हियाच्या बेटोने कार्दोझो आणि रोद्रिगोचे फटके अडवले. तो रेषा सोडून बराच पुढे आला होता, याची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली.

आता आठही पाने शेजारी ठेवा. पहिली गोष्ट अशी दिसते की या आठांपैकी एकाही फायनलमध्ये नियमित वेळेत बेन्फिका एका गोलपेक्षा अधिक फरकाने हरलेला नाही. दोन टायब्रेकरवर गेल्या, एक जादा वेळेत, उरलेल्या पाच एका गोलच्या फरकाने. दुसरी गोष्ट, या आठ वेळी बाकावर सहा वेगवेगळे प्रशिक्षक होते: रिएरा, श्वार्त्झ, ग्लोरिया, एरिक्सन दोनदा, टोनी आणि जेझुस दोनदा. १९६८ ते १९८३ पंधरा वर्षे आणि १९९० ते २०१३ तेवीस वर्षे मध्ये गेली. वेलोसोची पेनल्टी हुकली तेव्हा २०१४ च्या संघातील बरेच खेळाडू जन्मलेलेही नव्हते किंवा अगदी लहान होते. फायनल हरण्याची सवय एका पिढीकडून दुसरीकडे जाते असे म्हणायचे तर ती कोणाच्या मार्फत गेली, हे सांगता आले पाहिजे.

शापाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तुमच्या आजोबांनी ती गोष्ट नक्कीच सांगितली असेल. १९६२ चा विजय मिळवून देणारे हंगेरियन प्रशिक्षक बेला गुटमन यांनी पगारवाढ मागितली, क्लबने नाकारली आणि ‘पुढची शंभर वर्षे बेन्फिका युरोपचा विजेता होणार नाही’ असे म्हणून ते निघून गेले, अशी ती कथा आहे. ते याच शब्दांत बोलल्याचा भक्कम पुरावा नाही. कथा सांगणारे एक गोष्ट वगळतात: १९६५ मध्ये गुटमन पुन्हा बेन्फिकाचेच प्रशिक्षक झाले आणि एक हंगाम तिथे राहिले. ज्याने शाप दिला तोच माणूस तीन वर्षांनी त्याच संघाला युरोपियन कप जिंकून देण्यासाठी राबला. त्या हंगामात मँचेस्टर युनायटेडने लिस्बनमध्ये येऊन ५-१ असे हरवले, एवढेच. १९९० ची फायनल व्हिएन्नात होती आणि गुटमन यांची कबर तिथेच आहे. सामन्याआधी युझेबियोने तिथे जाऊन प्रार्थना केली. मला त्या प्रार्थनेत अंधश्रद्धेपेक्षा आपल्या गुरूविषयीची माया अधिक दिसते. फायनलच्या सकाळी आमची पोरे अंबाबाईच्या दर्शनाला जातात, मीही जातो. त्याने मन शांत होते आणि मग संध्याकाळी कॉर्नरवर कोणाला कोणी धरायचे, हे ठरवावेच लागते.

थोडे गणितही करून पाहू. प्रत्येक फायनल ही नाणेफेकीसारखी बरोबरीची लढत मानली, तर सलग आठ हरण्याची शक्यता २५६ मध्ये एक इतकी कमी निघते, आणि ती ऐकून माणूस शापाकडे वळतो. पण बेन्फिका बहुतेक वेळा तितका बलाढ्य नव्हता. इंटर आणि १९९० चा मिलान गतविजेते होते, चेल्सीने आदल्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकलेली होती. बेन्फिकाची जिंकण्याची शक्यता सरासरी ४० टक्के धरली, तर सलग आठ पराभवांची शक्यता साठात एक होते. आणि मोजणी १९६३ पासूनच का करायची? पहिल्या पराभवापासून मोजले की विजय आपोआप गळतात. दहाही फायनल धरल्या, तर त्याच ४० टक्क्यांच्या हिशेबाने दहात दोन किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता सुमारे सहात एक निघते. हे वाईट नशीब आहे, पण अघटित नाही. शिवाय युरोपातल्या शेकडो क्लबांतून सर्वांत लांब पराभवमालिका असलेला क्लब निवडून आपण त्याच्याकडे बघतो आहोत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ४० टक्के हा माझा अंदाज आहे. तुम्ही ३५ किंवा ४५ घेऊन पाहा, निष्कर्षाची दिशा फारशी बदलणार नाही.

देशांतर्गत फायनलही मोजल्या पाहिजेत. पोर्तुगीज चषक बेन्फिकाने २६ वेळा जिंकला आहे, तितका दुसऱ्या कोणी नाही. तिथे त्याला पोर्तो, स्पोर्टिंग असे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी भेटतात आणि निकाल दोन्हीकडे जातात. युवकांच्या युरोपीय लीगमध्येही क्लब २०१४, २०१७ आणि २०२० च्या फायनल हरला, तेव्हा शाप पोरांनाही लागला असे छापून आले. २०२२ मध्ये त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये बेन्फिकाच्या पोरांनी साल्झबर्गला ६-० असे हरवले. बार्सिलोनाचेही उदाहरण घ्या. १९६१ मध्ये खांबांनी अडवले, १९८६ मध्ये स्टेउआ बुखारेस्टविरुद्ध टायब्रेकरमध्ये चारही फटके वाया गेले आणि या क्लबला युरोपियन कप लाभत नाही, असे तीस वर्षे बोलले गेले. १९९२ मध्ये वेम्ब्लीवर जादा वेळेत कूमनच्या फ्री किकवर तो पहिल्यांदा जिंकला. आज त्याच्याकडे असे पाच चषक आहेत. युव्हेंतुसने नऊ फायनलपैकी सात गमावल्या आहेत आणि त्यांतही आयाक्स, रेआल माद्रिद, बार्सिलोना अशी नावे समोर होती.

इतक्या विवेचनातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे निघते: बेन्फिका युरोपीय फायनल खूप हरला हे खरे, त्या पराभवांना एकच कारण नाही, दुखापती, निलंबने, समोरचा वरचढ संघ, परक्याचे मैदान, थकलेले पाय आणि टायब्रेकर यांची वेगवेगळी मिश्रणे आहेत, आणि त्यांपैकी काही गोष्टी क्लबच्या हातातल्या होत्या, काही नव्हत्या.

दुसरा प्रश्न, तुमच्या संघाचा, माझ्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे आणि तिथे मी तपशील न पाहता ठाम बोलणार नाही. तुमचे तीन पराभव कसे झाले यावर सगळे अवलंबून आहे. तिन्ही वेळा दोन-तीन गोलच्या फरकाने, सुरुवातीपासून दबून हरला असाल, तर संघ कमी पडतो आहे आणि नवे खेळाडू आणणे योग्य ठरेल. तिन्ही वेळा गोल शेवटच्या पंधरा मिनिटांत खाल्ले असतील, तर खेळाडू बदलण्याआधी सराव आणि बाकावरचे राखीव खेळाडू पाहा. आपल्याकडच्या स्पर्धांत सेमी आणि फायनल यांत बहुधा एक-दोन दिवसांचेच अंतर असते आणि सेमीत अकराच्या अकरा जण पूर्ण वेळ पळवले, तर फायनलमध्ये पाय चालत नाहीत. टायब्रेकरवर हरला असाल, तर हुकलेल्या पोराला काढून काहीही साधणार नाही. सेमीत उगाच वाद घालून कार्ड घेतल्यामुळे कोणी फायनलला मुकला असेल, तर ती शिस्तीची बाब आहे आणि ती प्रशिक्षकाने हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हाताळायची असते.

मन खचलेल्या खेळाडूंबद्दल माझा अनुभव असा आहे की ‘विसरून जा’ असे सांगून ते विसरत नाहीत. दोन फायनल हरलेल्या एका संघाला मी तिसऱ्या फायनलच्या आठवड्यात आधीच्या दोन्ही सामन्यांचे चित्रण बसवून दाखवले. समितीला ते आवडले नाही. जखमेवर मीठ कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. पण गोल का झाला हे पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, डाव्या बाजूला दोघे एकाच माणसाकडे धावत होते हे त्यांनीच मला दाखवले, आणि खोलीतले वातावरण मोकळे झाले. बूट बांधत ‘लाभत नाही’ म्हणणारा तो कर्णधार त्याच खोलीत होता. ती तिसरी फायनल आम्ही १-० जिंकली, पण बरोबरी होऊन टायब्रेकर आला असता तर हरलोही असतो, म्हणून त्या एका विजयाचा दाखला मी पुरावा म्हणून देत नाही. चित्रण दाखवल्यानंतर त्या बाजूने गोल झाला नाही, एवढेच खात्रीने सांगतो.

समितीची बैठक होण्याआधी तिन्ही फायनलसाठी एकेक पान लिहून काढा: कोण खेळू शकले नाही, आधीच्या पंधरा दिवसांत किती सामने झाले, गोल कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या बाजूने झाले, बदली खेळाडू केव्हा उतरवले, टायब्रेकर असल्यास फटक्यांचा क्रम कोणी आणि केव्हा ठरवला. मोबाइलवरचे चित्रण असेल तर मिनिटे त्यावरूनच घ्या. आठवणीवर विसंबू नका, कारण हरलेल्या सामन्याच्या आठवणीत प्रत्येकाला दुसऱ्याचीच चूक दिसते. ती तीन पाने इथे लिहिलीत, तर कोणता भाग खेळाडूंचा आणि कोणता तयारीचा, हे मी माझ्या परीने सांगेन.